थोरली घाला

मला एका जागी बसवत नाही. हा माझा जुना आजार. एसटीत खिडकीची जागा मिळाली तरी विटा येईपर्यंत मी दोनतीनदा उगाच उभी राहते, पिशवी वर ठेवते, पुन्हा खाली घेते. सांगलीतल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी सहायक आहे. तिथं दिवसभर या मशीनवरून त्या मशीनवर फिरायचं काम असतं, म्हणून तर टिकले. पण त्या शनिवारी आटपाडीच्या गाडीत बसले तेव्हाची चुळबुळ नेहमीची नव्हती. पिशवीत तीन डीव्हीडी होत्या, आणि सोमवारी सकाळी आक्काचं मशीन विकलं जाणार होतं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही तिघी. मधली लग्न होऊन जतच्या पलीकडं कर्नाटकात गेली, मी धाकटी शिकायला म्हणून सांगलीला गेले ती तिथलीच झाले. आक्का आबांजवळ राहिली. बाहेरून परीक्षा देत शिकली, टायपिंग शिकली, आणि आटपाडीत कचेरीसमोर एका टेबलाएवढ्या जागेत तिनं कॉम्प्युटरचं मशीन आणि प्रिंटर मांडले. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डात नाव, वाटणीचा अर्ज. जे म्हणाल ते ती टाइप करून द्यायची. लोक सांगायला लागले की वाक्य पुरं व्हायच्या आत तिची बोटं पुढं गेलेली असायची.

मग तिचे डोळे जायला लागले. आधी कडा गेल्या. टेबलावरचा चहाचा कप तिला दिसेना, पण समोरचा माणूस दिसायचा. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतला पडदा सुकत चाललाय, याला औषध नाही. दोनतीन वर्षांत समोरचा माणूसही धुरकट झाला आणि अक्षर तर गेलंच. एकदा तिनं कुणाच्या तरी अर्जात वडिलांच्या नावाच्या जागी सासऱ्याचं नाव घातलं. त्या माणसाला कचेरीतून परत पाठवलं. आक्कानं दुसऱ्याच दिवशी मशीन टेम्पोत घालून गावी घरी आणलं, आणि वडूजच्या एका माणसाला सांगून टाकलं की घेऊन जा. त्याला वडूजला असंच दुकान टाकायचं होतं.

मी फोनवर तिच्याशी भांडले. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारे प्रोग्राम असतात, मराठीसुद्धा बोलतात, विंडोजच्या जागी लिनक्स नावाची सिस्टीम बसवली की तिच्यावर फुकट मिळतात, असं सगळं एका दमात सांगितलं. ती म्हणाली, "त्यो सोमवारी येतोय. तवर बोलायला लागलं तर ठेवीन. न्हाई बोललं तर मला पुन्हा त्याचं नाव काढू नगंस."

ती असं म्हणाली की त्यावर अपील नसतं.

गावात नेट म्हणजे नशिबाचा भाग होता. माझ्या फोनला दिवसाला एक जीबी मिळायचा, आणि तोही रेंज असेल तर. म्हणून मी लॅबमध्ये लिनक्सच्या तीनही डीव्हीडी भरून घेतल्या होत्या. बहुतेक सगळं सामान त्यांच्यावर होतं. फक्त मराठी आवाज डिस्कवर जुना होता, जोडाक्षर आलं की अडखळायचा. सुधारलेला आवाज नेटवर होता आणि आकारानं लहान होता. म्हणजे जड ओझं डिस्कवरून आणायचं आणि एवढंसं नेटवरून. कागदावर हिशेब सरळ होता.

शनिवारी दुपारी पोचले तर आबा लिंबाखाली घोंगडं टाकून बसले होते. आयुष्यभर मेंढरांमागं चाललेला माणूस, आता गुडघ्यांनी जेरबंद झालेला. मी पायात वहाणा तशाच ठेवून आत घुसले.

"पानी तरी पी गं," आबा म्हणाले.

"नंतर."

"हिच्या पायाला भिंगरी हाय," ते लिंबाला सांगितल्यासारखं म्हणाले.

एक नंबरची डिस्क घालून लिनक्स बसवायला दोन तास गेले. त्या दोन तासांत मी अंगणात किती चकरा मारल्या असतील देव जाणे. संध्याकाळ व्हायच्या आत मशीन इंग्रजीतून बोलायला लागलं. आक्का स्टुलावर बसून ऐकत होती. हसली नाही. म्हणाली, "सायेब दिसतोय."

आता मराठीची पाळी. लिनक्समध्ये एक यादी असते. कुठलं सामान कुठून आणायचं ते त्या यादीत ओळीओळीनं लिहायचं. आईनं सांगितल्यासारखं असतं ते: आधी घरात बघ, मग आटपाडीच्या बाजारात जा. मी तीनही डिस्का एकेक करून मशीनला दाखवल्या. प्रत्येक डिस्क पाहिली की ते विचारतं, हिला नाव काय देऊ? मी घाईत होते, आणि गंमतही सुचली. एक नंबरला नाव दिलं थोरली, दोन नंबरला मधली, तीन नंबरला धाकटी. इंग्रजी अक्षरांत टाइप केलं. आक्का तेव्हा चुलीपाशी होती. नावं ठेवल्याचं मी तिला ओरडून सांगितलं, पण कुणाचं कुठलं ते सांगितलं नाही. त्यात सांगायचं काय, असंच वाटलं.

डिस्का हाताला ओळखू याव्यात म्हणून आक्कानं वेगळीच युक्ती काढली. मी नंबर सांगत गेले आणि तिनं कात्रीनं कागदी पाकिटांच्या कोपऱ्यांना चिरा दिल्या. एकीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन. आमच्याकडं मेंढराच्या कानाला अशी खूण करतात. दुसऱ्याच्या कळपात मिसळलं तरी अंधारात कान चाचपून आपलं जनावर काढता येतं.

"कान कापलंस व्हय गं त्येंचं?" आबांनी विचारलं.

"व्हय," आक्का म्हणाली. "आता चुकायची न्हाईत."

मग मी माती खाल्ली. यादीत डिस्का वर ठेवल्या, त्यांच्याखाली नेटच्या ओळीही उघड्या ठेवल्या आणि म्हटलं, कर सुरू. मी विसरले की या मशीनला ताज्या मालाची फार हौस असते. घरात बाजरी आहे, पण बाजारात परवाची नवी आलीय असं दिसलं की हे घरची सोडून बाजारात पळतं. त्यानं विचारलं होतं, एवढे एवढे एमबी नेटवरून आणू का म्हणून. आकडा समोर लिहिला होता. मी न वाचता हो म्हटलं. मशीनला नेट मिळावं म्हणून फोन हॉटस्पॉट चालू करून माळवदाच्या कठड्यावर दगडाखाली ठेवलेला, रेंज नेमकी तेव्हा झकास, आणि अर्धा जीबी मी एसटीत बसल्या बसल्या व्हिडिओ बघून आधीच फुकून टाकलेला. उरलेला अर्धा वीस मिनिटांत खलास झाला. काम निम्म्यात लटकलं.

मी टेबलावर हात आपटला. माझा राग असा असतो, येतो तो आधी हातात येतो. कीबोर्ड उडाला.

"त्याला मारू नगंस," आक्का म्हणाली. "त्यो परवा दुसऱ्याच्या घरी जायाचा हाय."

ती चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, म्हणजे तिनं मनातून ते देऊन टाकलं होतं.

रविवारी सकाळी नव्या दिवसाचा नवा जीबी आला, पण टॉवरला काय झालं होतं कोण जाणे, रेंज गायब. माळवदावर दिघंचीच्या दिशेच्या कोपऱ्यात उभं राहून फोन डोक्याच्या वर धरला तर दोन काड्या यायच्या. हात खाली केला की एकही नाही. म्हणजे मी वर, हात उंच करून. आणि खाली मशीनपाशी आक्का. डिस्का तिलाच बदलाव्या लागणार होत्या.

या वेळी मी यादी नीट केली. नेटच्या ज्या ओळींमुळं काल घात झाला त्यांच्यापुढं हॅशचं चिन्ह घातलं आणि मराठी आवाजापुरती एकच ओळ उघडी ठेवली. काम पुरं झालं की तो आवाज आपोआप चालू व्हावा, असंही मशीनला सांगून ठेवलं. हे करताना आक्का विचारत होती, हॅश म्हणजे काय. मी म्हटलं, ओळीच्या आधी तेवढी जाळी काढली की मशीन ती ओळ बघतच नाही. ओळ तिथंच असते, पण फक्त माणसाला वाचायला.

"मंजी मशीनला न कळता माणसाला सांगायचं असलं तर?"

"तर हॅश घालून लिहायचं," मी म्हटलं आणि जिन्याकडं पळाले.

वर ऊन मी म्हणत होतं. हात अर्ध्या मिनिटात भरून आला. खालून त्या साहेबी आवाजाची बडबड ऐकू यायची आणि त्यावर आक्काची.

"थॉर्लाय घाल म्हंतोय!"

"थोरली, आक्का! थोरली घाल आणि एंटर दाब!"

खाली ट्रे उघडल्याचा, मिटल्याचा आवाज. थोडी घरघर. मग पुन्हा तोच साहेब.

"पुन्हा थॉर्लायच म्हंतोय!"

"मग घाल की थोरली!"

"घातलीया की!"

"नीट बसली नसेल. काढून घाल!"

काढून घातली. पुन्हा तेच. फोनची बॅटरी तीसवरून बावीसवर आली. हात बदलला तर काड्या गेल्या, परत आल्या. मला वाटायला लागलं, डिस्कवर चरा पडला असणार. काल कीबोर्ड आपटला तेव्हा त्याच्याखाली तर नव्हती? म्हणजे मीच फोडली. मीच आणली आणि मीच फोडली. आक्का अजून खालून शांतपणे सांगत होती, थॉर्लाय म्हंतोय, आणि मला त्या शांतपणाचा इतका राग आला की मी फोन कठड्यावर टाकून जिना उतरले. शेवटच्या दोन पायऱ्या तर उडीच मारली.

आक्काच्या मांडीवर रिकामं पाकीट होतं. तीन चिरांचं.

"आक्का, ही धाकटी आहे!"

"ही? ही थोरली."

"तीन नंबर आहे ती!"

"मग? थोरली तीन नंबरलाच अस्ती की."

माझ्या लेखी एक नंबर म्हणजे पहिली, पहिली जन्मलेली, थोरली. यात दुसरा अर्थ निघू शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दारातून आबांचा आवाज आला. ते लिंबाखालून उठून उंबऱ्याला टेकून उभे होते.

"तिचं बरूबर हाय. धाकटी पुढं, थोरली मागं. कवा उलटं चाललोय आपन?"

मग मला आठवलं. दिवाळी झाली की आमचा वाडा, म्हणजे मेंढपाळांचा तळ, उठायचा. मेंढरं घेऊन मायणी, वडूज, औंध असं करत आम्ही पश्चिमेला जायचो, पाणी आणि पाला असेल तिथवर. सगळ्यात पुढं घोडं. घोड्यावर भांडीकुंडी, कोंबड्या, आणि त्यांच्यात बांधून बसवलेली मी, धाकटी. मधे कळप आणि कळपाबरोबर मधली. आणि सगळ्यात शेवटी, धुळीत, काठी घेऊन आक्का. लंगडं मेंढरू, दमलेलं कोकरू, कुणाची पडलेली वहाण, जे मागं राहील ते ती उचलायची. मुक्कामाला पोचलो की मोजणी तिची. ती म्हणायची, हायती सगळी, तेव्हा आई चूल मांडायची. तिच्या हिशेबात एक नंबर म्हणजे घोड्यावरची मी, आणि तीन नंबर म्हणजे ती स्वतः.

मी घोड्यावरून मागं वळून बघायची तेव्हा ती दिसायची नाही, नुसती धूळ दिसायची. शाळेसाठी मला आत्याकडं ठेवलं तेव्हाही ती तांड्याबरोबर होती. मी सांगलीला गेले तेव्हाही ती इथंच. मी पुढं गेले आणि ती मागं राहिली, ही टोचणी मला इतकी वर्षं बसू देत नाही, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आज लिहून टाकते.

"मशीनच्या घरात उलटं चालतंय," मी म्हटलं. "तिथं थोरली पहिली."

"व्हय?" आक्कानं बोटांनी पाकिटं चाचपली आणि एका चिरेचं वर काढलं. "मग सांगायचंस की आधी. एवढा वेळ त्या सायबाला बोलून बोलून घसा कोरडा पडला आसंल."

आबा हसले. मीही हसले, पण पाय जिन्याकडं वळले होते. वर बॅटरी चौदावर होती. फोन उचलला, हात उंच केला. खालून साहेबानं थोरली मागितली, ट्रे वाजला, घरघर झाली, आणि या वेळी ती थांबली नाही. मग मधली. मग धाकटी. आक्का प्रत्येक वेळी नाव मोठ्यानं म्हणायची आणि एंटर दाबायची. मग सगळं गप्प झालं.

गप्प म्हणजे किती गप्प. कोंबड्याही ओरडेनात. बॅटरी सहा. मला खाली पळावंसं वाटत होतं आणि पळता येत नव्हतं, कारण मराठी आवाजाची फाइल अजून माझ्या हातातून खाली उतरत असेल तर? "झालं का?" मी ओरडले. "आक्का, झालं का?" पाच. चार. खांदा जळत होता. मी रडत होते हे मला मान खाली केल्यावर कळलं.

मग खालून आवाज आला. सपाट, जरा नाकातला, पुरुषाचा.

"प्रति."

थोडं थांबून:

"माननीय तहसीलदार साहेब, आटपाडी."

आक्काच्या बोटांनी सवयीनं जे पहिलं टाइप केलं ते हे. नवा आवाज तिच्यामागून एकेक शब्द म्हणत होता. आबा उंबऱ्यावरून म्हणाले, "ह्यो आपल्यातला हाय." मी फोन खाली घेतला तेव्हा तो बंद पडलेला होता.

सोमवारी सकाळी वडूजचा माणूस आला. मोटारसायकलला गोणपाट आणि दोरी बांधून आणली होती. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. आक्कानं त्याला चहा दिला आणि सांगितलं, "आवं, राग मानू नगा. मशीन देत न्हाई मी."

तो माझ्याकडं, मग तिच्याकडं बघायला लागला. "पर ताई, तुमी म्हणला हुतात, दिसत न्हाई म्हून."

"दिसत न्हाईच. ऐकू येतंय." मग तिनं स्टूल पुढं ओढलं. "दुकानाच्या परवान्याचा अर्ज केलाय का तुमी?"

केला नव्हता. तिनं त्याचं नाव, गाव, जागा विचारली आणि बोटं चालू केली. मधे एका ठिकाणी आवाजानं भलतंच नाव उच्चारलं. ती थांबली, मागं गेली, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा ऐकलं. मी भिंतीला टेकून श्वास धरून उभी होते. प्रिंटरमधून कागद निघाला तेव्हा त्यानं तो दोनदा वाचला. चूक नव्हती. जाताना गोणपाट तसंच गुंडाळलेलं होतं.

दुपारच्या गाडीनं मी सांगलीला परतले. पुढं आक्कानं टेबल पुन्हा कचेरीसमोर मांडलं. फोनवर ती नवंनवं विचारायची, कुठली ओळ उघडायची, कुठली झाकायची. मी घाईत उत्तरं द्यायची, लॅबमध्ये एका मशीनवरून दुसऱ्याकडं जाता जाता. नंतर तिचे प्रश्न कमी झाले. मला वाटलं, कंटाळली.

दिवाळीला घरी गेले. कचेरीला सुट्टी म्हणून आक्कानं मशीन घरी आणून ठेवलं होतं. ती बाहेर आबांना अंघोळीचं पाणी देत होती. सवयीनं मी तिच्या मशीनवर यादी उघडली, काही बिघडवलंय का बघायला. तिनं डिस्का सगळ्या काढून पुन्हा मशीनला दाखवल्या होत्या, एकटीनं. नावं बदलली होती. एक नंबर आता धाकटी. दोन नंबर मधली. मग नेटची ओळ. सगळ्यात शेवटी, तीन नंबर, थोरली. आणि त्याच्याखाली, हॅश घालून, मराठीत एक ओळ होती. मशीनला दिसत नाही अशी.

# धाकटे, तू चाल पुढं. मागं म्या हाय.

मी स्टूल ओढलं आणि बसले. बाहेरून आक्कानं चहाला हाक मारली, दोनदा मारली, तरी मी बसूनच होते.